जुनी गोळी, नवे जठर

जुन्या दप्तरांतून चांदा या नावाने नोंदलेल्या विस्तीर्ण जिल्ह्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन भाग पडले, तेव्हा सरकारी नकाशावर एक सीमारेषा उमटली. देहदुःखाच्या नकाशावर मात्र तिचा मागमूसही नव्हता. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आषाढ-श्रावणात चिखलात वाकून धानाची रोवणी करणारी बाई, चैत्रात मोहफुले वेचण्यासाठी आणि वैशाखात तेंदूपत्ता तोडण्यासाठी पहाटेच रानात शिरणारे कुटुंब, आणि घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा खाणींत उभी हयात घालवून निवृत्त झालेला कामगार, या सर्वांची कैफियत अखेर कंबर आणि टोंगळा, म्हणजे गुडघा, या दोन अवयवांपाशी येऊन ठेपते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतील पाठदुखी-सांधेदुखीचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि मुंबईचे मणक्यांचे शल्यचिकित्सक संस्थेच्या शोधग्राम येथील रुग्णालयात येऊन शिबिरे घेऊ लागले, ते काही उगाच नव्हे. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे पाठीच्या कण्याच्या विकारामुळे वर्षानुवर्षे एकतर उभे असत किंवा आडवे असत, बसणे त्यांना साधत नसे, हे तर महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे.

या मुलखातला रुग्ण म्हणजे कृश, रक्तक्षयाने फिकटलेला रुग्ण, हे समीकरण वैद्यकात दीर्घकाळ इतके दृढ होते की स्थूलतेच्या विकाराची येथे कोणी स्वतंत्र तजवीज करावी असे वाटण्याचे कारणच नव्हते. ते समीकरण आता निदान चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर या पट्ट्यात तरी पूर्वीसारखे राहिलेले नाही. औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने, कागद गिरणी, खाणींच्या वसाहती यांनी नियमित पगार आणला, दुचाकी आणली, बैठे काम आणले. त्यांच्या मागोमाग मधुमेह आला, आणि शंभर-सव्वाशे किलोंचे देह झिजलेल्या टोंगळ्यांवर तोलून चालणारी माणसेही आली. नागपूर चंद्रपूरहून सुमारे १५० किलोमीटर. तेथे किंवा मुंबई-पुण्यास जाऊन वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून येणे ही आता केवळ धनिकांची गोष्ट उरलेली नाही. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे वृत्त सर्व वर्तमानपत्रांनी छापले, तेव्हापासून विदर्भात या उपचाराविषयीची भीड पुष्कळ चेपली.

शस्त्रक्रियेची माहिती आज कोठेही मिळते. या प्रकरणाचा विषय ती नाही. शस्त्रक्रिया आटोपून माणूस गावी परततो, वजन उतरू लागते, आणि एके दिवशी जुनी कंबर पुन्हा ठणकू लागली की तो बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये जाऊन, दहा वर्षे घेत आलेली तीच गोळी मागतो. त्या क्षणी काय घडते, हा येथील विषय आहे. दुकानदार तोच, गोळी तीच, दुखणेही तेच. परंतु जे जठर ती गोळी आजवर निमूटपणे सोसत आले, ते आता तेथे नाही, आणि त्या दुकानात उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाही या गोष्टीचे स्मरण बहुधा नसते.

वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरची चरबी छाटून काढणे, हा समज अजून पुष्कळांच्या मनात घर करून आहे. वस्तुतः शल्यचिकित्सक चरबीला हातही लावीत नाही. आपल्याकडे मुख्यत्वे दोन प्रकार रूढ आहेत. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा बाहेरच्या वक्राकडील तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि मागे केवळ एक अरुंद नळी ठेवतात. ‘बायपास’ या प्रकारात अन्ननलिकेच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढीच जठराची पिशवी राखून, ती थेट लहान आतड्याच्या खालच्या भागास जोडतात, त्यामुळे उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपासचा आरंभ केला. अल्सरसाठी जठराचा अंश काढलेल्या रुग्णांचे वजन पुढे सहजासहजी वाढत नाही, हे निरीक्षण त्यामागे होते. ज्या शस्त्रक्रियेचा जन्म अल्सरच्या रुग्णांच्या निरीक्षणातून झाला, तिच्यामागे अल्सरच शत्रू म्हणून उभा राहावा, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

वजन उतरल्याने टोंगळ्यांस आराम पडतो, यात शंका नाही. वजन एक किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमाप करून दाखवलेले आहे. तीस किलो उतरलेल्या माणसास जिना चढताना जे अप्रूप वाटते त्याचे गणित हे असे आहे. तथापि झिजून गेलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, मणक्यांमधील सरकलेली चकती जागेवर येत नाही, आणि मधुमेहाने आधीच जायबंदी केलेल्या तळपायाच्या नसा त्यांची आग सोडीत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांची गरज उणावते, पण अनेकांच्या बाबतीत ती संपत नाही. आणि खरा पेच येथूनच सुरू होतो.

आपल्याकडे कंबरदुखीवर सर्रास मिळणाऱ्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि यांचे भाऊबंद, एकाच कुळातल्या आहेत. हे कूळ वेदना कशी शमवते याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली अॅस्पिरिनच्या निमित्ताने केला, आणि १९८२ साली त्यांस नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. शरीरात ठिकठिकाणी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सूज आणि वेदना वाढवतात. या गोळ्या त्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. दुर्दैवाने जठराच्या आतल्या अस्तराचा बंदोबस्तही याच द्रव्यांकडे सोपवलेला असतो. अस्तरावरचा चिकट थर, आम्लास उतारा देणारा क्षार आणि अस्तरास पुरणारा रक्तप्रवाह या तिन्हींची राखण तीच करतात. गोळीने वेदनेस निरोप दिला की हे राखणदारही रजेवर जातात.

धडधाकट जठर हा अन्याय काही काळ सहन करते. बायपासनंतर मात्र जठराची चिमुकली पिशवी ज्या ठिकाणी आतड्यास शिवलेली असते, तेथे आतड्याच्या नाजूक अस्तराची जठराच्या आम्लाशी प्रथमच गाठ पडते. आम्ल झेलण्यासाठी निसर्गाने ते घडवलेलेच नसते. त्या सांध्यावर अशा गोळ्यांमुळे व्रण पडू शकतो, तो वाहू शकतो, आणि क्वचित आरपार छिद्रही पडू शकते. म्हणूनच बायपास झालेल्या रुग्णाने हे कूळ जन्मभर टाळावे, असा बहुतेक शल्यचिकित्सकांचा दंडक आहे. स्लीव्ह झालेल्यांच्या बाबतीत मते थोडी सैल आहेत. आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या छत्राखाली अल्पकाळ मुभा देणारे डॉक्टरही आढळतात. परंतु ही मुभा डॉक्टरने द्यावयाची आहे, रुग्णाने परस्पर घ्यावयाची नाही. हृदयविकारासाठी रोज घ्यावयाची अॅस्पिरिनची लहान गोळी ही याच कुळातली असली तरी तिचा हिशेब वेगळा. ती घाबरून आपल्या मनाने थांबवणे हे तिच्या सेवनापेक्षाही अधिक धोक्याचे ठरू शकते, म्हणून तिचा निर्णय हृदयाचे आणि जठराचे अशा दोन्ही वैद्यांनी मिळून करावा.

येथे आपल्या मुलखातल्या एका समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. गोळीने पोट बिघडते, सुईने नाही, अशी खेड्यांतून ठाम श्रद्धा आहे, आणि हातात पिशवी घेऊन हिंडणाऱ्या झोलाछाप डॉक्टरांपासून पदवीधरांपर्यंत सर्वांनी ती जोपासली आहे. डायक्लोफेनॅकची सुई कमरेत टोचली म्हणून तिचा जठराशी संबंध तुटत नाही. औषध रक्तात मिसळते आणि प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती ज्या रीतीने गुडघ्यात थांबवते त्याच रीतीने जठरातही थांबवते. गुदमार्गे घेतलेल्या गोळीचेही तेच. वरून चोळावयाचे मलम तेवढे बरेच निराळे. त्यातले सुमारे ६ टक्के औषधच गोळीच्या तुलनेत रक्तात पोहोचते, म्हणून एखाद्या टोंगळ्यापुरते, डॉक्टरला विचारून, ते वापरता येते.

डायक्लोफेनॅक सुईवाटे गेल्याने निरुपद्रवी होत नाही, याचा सर्वांत भीषण दाखला मनुष्यजातीतला नसून या जंगलांच्या आभाळातला आहे. गुरांना सर्रास टोचले जाणारे हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटी गेले, आणि ज्या मात्रेने बैल लंगडायचा थांबे त्याच मात्रेच्या अवशेषाने गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांत निकामी होऊन त्याच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा लेप चढे. पाकिस्तानातील मृत गिधाडांवरून २००४ साली हे कारण सिद्ध होईपर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी बहुतांश नाहीशी झाली होती. अखेर ही घट ९९ टक्क्यांहून अधिक भरली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध भारतात बंद झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्याकडे वळत राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांसाठीची सुईदेखील एका मात्रेच्या, ३ मिलिलिटरच्या कुपीतच विकण्याचा हुकूम निघाला. २०२३ साली अॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन यांचा जनावरांसाठीचा वापरही बंद करण्यात आला, कारण गाईच्या देहात अॅसिक्लोफेनॅकचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होते. गडचिरोलीच्या वनखात्याने गिधाडांसाठी निर्धोक मांस ठेवण्याच्या जागा केल्या. ताडोबात २०२४ साली हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडे आणवली गेली. एकच रेणू बैलाला औषध आणि गिधाडाला विष. भेद औषधात नव्हता, ते ज्या देहात उतरले त्या देहात होता. शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाने स्वतःस या अर्थी निराळ्या देहाचा प्राणी समजावे, असे माझे मत आहे. त्यात अपमान काही नाही.

आता त्या मेडिकलच्या दुकानाकडे पुन्हा वळू. रुग्ण हुशार असेल तर तो सांगतो, ‘मला साधी पॅरासिटामॉल द्या.’ दुकानदार जी पट्टी पुढे करतो तिच्यावर पॅरासिटामॉल हे नाव असतेच, पण पुष्कळदा त्याच्या पाठीला पाठ लावून अॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनही बसलेले असते. अशा जोडगोळ्यांचा आपल्या देशात एवढा सुळसुळाट आहे की शुद्ध एकेरी औषध मिळवणे हे काही भागांत कष्टाचे काम झाले आहे. एका दुखण्यासाठी दोन-तीन औषधे एकाच गोळीत कोंबण्याची ही चाल रुग्णाच्या सोयीपेक्षा विक्रीच्या सोयीसाठीच अधिक रूढ झाली, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. यास उपाय एकच: पट्टीच्या मागील बारीक अक्षरांत लिहिलेली सर्व नावे दुकानातच उभे राहून वाचून घ्यावीत, स्वतःस वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचवून घ्यावीत. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वातावरच्या चूर्णांचे मात्र अक्षरही वाचता येत नाही. अशा बेनामी चूर्णांत स्टेरॉईड मिसळलेले असल्याचे तपासणीत अनेकवार आढळले आहे, आणि स्टेरॉईड हे व्रणाचेही मित्र आणि हाडांचेही शत्रू.

व्रणाचे आणखी दोन साथीदार या दोन जिल्ह्यांत घरोघरी आहेत. पहिला तंबाखू. बायपासच्या सांध्यावरचा व्रण धूम्रपानाने बळावतो हे निश्चित आहे. खर्रा चघळणाऱ्यांनी आपण धूर काढीत नाही या सबबीवर निर्धास्त राहू नये, कारण अस्तराचा रक्तप्रवाह आखडणारे निकोटिन खर्ऱ्यातूनही भरपूर मिळते. दुसरा साथीदार मद्य. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायदा काहीही असो, मोहाची दारू रानात सुटत राहिली आहे. बायपासनंतर मद्य आतड्यात झटकन उतरते आणि रक्तातले त्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा लवकर व उंच चढते, त्यामुळे पूर्वी दोन पेल्यांनी न चढणारी दारू आता एकाने चढते. आणि त्याच रात्री पॅरासिटामॉल किंवा झोप आणणारे वेदनाशामक पोटात असेल तर यकृताची व श्वासाची जोखीम बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते.

पॅरासिटामॉल हाच शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आधार. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये असा सर्वमान्य शिरस्ता आहे. पण वजन ५० किलोंखाली असेल, खाणे अत्यल्प असेल किंवा मद्याची सवय असेल तर ही मर्यादा पुष्कळ खाली आणावी लागते. पॅरासिटामॉलचा जो विषारी अंश यकृतात तयार होतो, त्यास निष्प्रभ करणारे द्रव्य उपाशी देहात अपुरे असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत माणूस दिसायला स्थूल, पण आतून उपाशीच असतो. या काळात गोळ्या गिळवत नाहीत म्हणून कित्येक जण पातळ औषध घेतात. त्या औषधातील साखर बायपासवाल्याच्या आतड्यात एकदम उतरली तर धडधड, घाम आणि जुलाब यांची त्रेधा उडते. ती औषधाची अॅलर्जी आहे असे समजून घाबरू नये. साखर नसलेला प्रकार मागावा.

तीव्र वेदनेवर ट्रॅमाडॉल, आणि त्याहून बलवान मॉर्फिन. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, त्यामुळे ते चिठ्ठीवाचून मिळू नये. मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठ हे त्याचे नेहमीचे उपद्रव, आणि काहींची रक्तातली साखरही ते उतरवते. बायपासनंतर जेवणामागून साखर घसरण्याची प्रवृत्ती ज्यांच्यात आधीच आहे त्यांनी हे विशेष ध्यानी धरावे. बारा किंवा चोवीस तास पुरणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या संथ गोळ्या लांबलचक आतड्याचा हिशेब मांडून केलेल्या असतात. वाट तुटकी झाली की त्यांचा हिशेब चुकतो, आणि गिळवत नाही म्हणून अशी गोळी कुटून घेतली तर दिवसभराची मात्रा एका घोटात अंगात शिरते. मॉर्फिनच्या साध्या प्रकाराचा अंमल बायपासनंतर अधिक लवकर चढतो. मात्रा पुन्हा तळापासून ठरवावी लागते.

नसांच्या वेदनेवरची प्रीगाबालिन आणि अॅमिट्रिप्टिलिन ही औषधे जठरास इजा करीत नाहीत, परंतु दोन्ही वजन वाढवणारी आहेत. ज्या माणसाने वजनासाठी पोट कापून घेतले त्यास ती देताना डॉक्टरने दोनदा विचार करावा, आणि रुग्णानेही वजन थांबले किंवा वाढू लागले तर केवळ आपल्या जिभेला दोष देऊ नये.

काही दुखण्यांवर वेदनाशामक हा उपायच नसतो, आणि हे ओळखणे सर्वांत अवघड. शस्त्रक्रियेनंतर बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. काही महिन्यांनी वा वर्षांनी तळपायांना मुंग्या, जळजळ, बधिरता सुरू होते, आणि मधुमेहाच्या खात्यावर ती जमा करून प्रीगाबालिन सुरू होते. वारंवार उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या देहातला थायमिनचा साठा थोड्या आठवड्यांत संपतो, आणि त्याची परिणती नसांच्या व मेंदूच्या कायमच्या हानीत होऊ शकते. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम अपुरे पडले तर हाडे मऊ होऊन मांड्या, बरगड्या, कंबर ठणकतात. आणि माणूस म्हणतो, जुने दुखणे उलटले. व्रणाच्या बचावासाठी दिलेली आम्लरोधक औषधे बी-१२ आणि लोह यांचे शोषण आणखी घटवतात, हा त्यातला आणखी एक गुंता. अशा रुग्णास नवी गोळी सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करून घेणे हे गडचिरोलीत कटकटीचे असले, तरी आंधळ्या औषधापेक्षा ते स्वस्त पडते.

मूत्रपिंडाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती गिधाडांच्या निमित्ताने अर्धी होऊन गेली आहे. शस्त्रक्रियेनंतर माणूस एका वेळी घोटभर पाणीच पिऊ शकतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा कोरड्या देहात डायक्लोफेनॅकचे कूळ मूत्रपिंडावर घाला घालते. दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार प्रचलित आहे, आणि त्याच्या वेदनेच्या झटक्यांत हीच औषधे सढळपणे दिली जातात. सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड आधीच दुबळे असते, ही गोष्ट त्या वेळी आठवली पाहिजे.

राहिला प्रश्न संकट ओळखण्याचा. बेंबीच्या वर सतत जळजळ, जेवणानंतर कळ, कारणावाचून अशक्तता, उलटीत रक्त, आणि डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधी शौच ही व्रणाची चिन्हे. यात एक फसवणूक आहे: शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना लोहाच्या गोळ्या चालू असतात आणि त्यांनीही शौचाचा रंग काळसर होतो. लोहाचा काळेपणा बहुधा घट्ट, हिरवट झाक असलेला आणि दिवसेंदिवस एकसारखा असतो. रक्ताचा काळेपणा चिकट, पसरणारा, एकाएकी सुरू होणारा, आणि सोबत घेरी व धडधड आणणारा असतो. संशय आला तर रक्तच समजावे आणि वाट पाहू नये. आम्लरोधक गोळी गिळून भामरागडास सकाळची वाट पाहणे विशेषतः नको. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तो रस्ता तुटतो, आणि सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे २०० किलोमीटर लांब आहे.

अशा वेळी जिल्हा रुग्णालयात रात्रपाळीचा तरुण डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो शस्त्रक्रिया कोणती झाली, स्लीव्ह की बायपास, कारण बायपासमध्ये वगळलेल्या जठरापर्यंत नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही आणि पुढील सर्व तपासाची दिशा या एका उत्तरावर अवलंबून असते. नागपूर-मुंबईच्या रुग्णालयांतून मिळणारे सुटीचे कागद इंग्रजीत, आठ-दहा पानांचे असतात आणि घरी फडताळात पडून राहतात. त्यांतून शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी आणि वर्ज्य औषधांची नावे एवढ्याच चार ओळी मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलेला जाड कागद खिशात असावा, आणि त्याची एक प्रत मेडिकलच्या दुकानदाराच्या वहीत चिकटवून ठेवावी.